जंत गुळाचे की मातीचे?

मेहकर तालुक्यातील एका वाचक भगिनीने आम्हांस पत्राने एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न घरगुती आहे. परंतु तो अनेक घरांत उद्भवत असल्याने त्याचे उत्तर खाजगी पत्राने न देता ह्या सदरातूनच देणे आम्हांस उचित वाटते. ह्या भगिनींचे कुटुंब एकत्र असून घरात लहानमोठी चौदा माणसे आहेत. धाकटा मुलगा सहा वर्षांचा आहे. शाळेतून सूचना आली की अमुक दिवशी मुलांस जंतांची गोळी देण्यात येईल. त्यावर सासूबाईंचे म्हणणे असे पडले की, "पोर दिवसभर गुळाचे खडे तोंडात टाकते, म्हणून जंत होतात, गूळ बंद करा आणि वावडिंग घालून उकळलेले पाणी द्या. सोवळ्याओवळ्याच्या घरात जंत येतात कोठून? शाळेत गोळी घेऊ दिली तर आपल्या घरात जंत आहेत असे गावभर होईल." सूनबाईंचे म्हणणे, गोळी द्यावीच. दोघींनी मिळून आम्हांस पंच नेमले आहे.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. तीसहून अधिक वर्षे मुलांस शिकविले आणि फावल्या वेळी संस्कृत ग्रंथ चाळले, एवढीच आमची शिदोरी. परंतु मास्तरकीच्या अखेरच्या वर्षांत ह्या गोळ्या आम्ही आमच्या हातांनी मुलांस दिलेल्या आहेत, आणि ज्या ग्रंथाच्या आधारावर सासूबाई अजाणता बोलत आहेत तो ग्रंथही आमच्या परिचयाचा आहे. तेव्हा पंचाचे काम करण्यास हरकत नाही.

प्रथम हा जंत आहे तरी कसा ते पाहू. पोटात राहणारे कृमी अनेक प्रकारचे. पैकी सामान्यतः ज्याला आपण मोठा जंत म्हणतो तो पांढरट-गुलाबी, दोन्ही टोकांस निमुळता आणि गांडुळासारखा गोल असतो. नर वीतभर, तर मादी त्याहून मोठी, २० ते ३५ सेंटिमीटर लांबीची असते. लिनियस ह्या स्वीडिश पंडिताने १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय नाव 'आस्कॅरिस लुंब्रिकॉइडीस' असे निश्चित केले. त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ 'गांडुळासारखा' असा आहे. गंमत अशी की चरकसंहितेत विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कफज कृमींचे वर्णन करताना त्यांपैकी काही गंडूपदाच्या आकाराचे असतात असे म्हटले आहे, आणि गंडूपद म्हणजे गांडूळच. एकाने दुसऱ्याचे पाहिले नाही. दोघांनी वस्तू पाहिली आणि दोघांस उपमा एकच सुचली.

हा जंत माणसाच्या लहान आतड्यात राहतो आणि आपण पचविलेल्या अन्नावर जगतो. मादी दिवसाला सुमारे दोन लक्ष अंडी घालते. तथापि, आणि हीच गोष्ट नीट ध्यानात ठेवावयाची आहे, ती अंडी पोटात फुटून त्यांचे जंत होत नाहीत. ती शौचावाटे बाहेर पडतात. बाहेर पडलेले ताजे अंडे कोणी गिळले तरी त्यास बाधा होत नाही. ओलसर, सावलीच्या, उबदार मातीत ते दोन ते चार आठवडे पडून राहिले की त्याच्या आत अळी तयार होते. मग ते अंडे बाधक बनते. त्याचे कवच इतके चिवट असते की अनुकूल जागी ते वर्षानुवर्षे टिकते. असे पिकलेले अंडे बोटांवरून, नखांतून, न धुतलेल्या भाजीवरून अथवा पाण्यातून तोंडात गेले म्हणजे नवा जंत जन्मास येतो. ह्याचा अर्थ असा की ज्या मुलाच्या पोटात दहा जंत आहेत त्या मुलाने निदान दहा अंडी गिळलेली आहेत. जंत पोटात 'वाढले' असे आपण म्हणतो. पण तेथे त्यांची लांबी वाढते, संख्या वाढत नाही.

गिळलेल्या अंड्याचा पुढील प्रवास तर पुराणातील कथेसारखा आहे. अळी आतड्यात अंड्याबाहेर येते, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तेथे दहा-चौदा दिवस राहते, मग श्वासनलिकेतून वर चढून घशात येते आणि खोकल्यासरशी पुन्हा गिळली जाऊन ज्या आतड्यातून निघाली तेथेच परत पोहोचते. अंडे गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. ही फुप्फुसाची वाट इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कॅप्टन स्ट्युअर्ट ह्यांनी १९१६ मध्ये हाँगकाँग येथे उंदरांवर प्रयोग करून प्रथम दाखविली. माणसात तसेच घडते काय, हा प्रश्न उरला होता. जपानातील कोइनो नामक डॉक्टरांनी १९२२ मध्ये स्वतःच जंताची २,००० अंडी गिळली. त्यांस फुप्फुसाचा जोरदार विकार झाला, थुंकीत अळ्या सापडल्या, आणि पुढे औषध घेतल्यावर ६६७ जंत पडले. ज्ञानासाठी मनुष्य काय सोसतो ह्याचे हे उदाहरण आमच्या वर्गातील मुले कधी विसरली नाहीत.

आता सासूबाईंच्या गुळाकडे वळू. त्यांचे म्हणणे निराधार नाही. त्याला दोन हजार वर्षांचा आधार आहे. चरकाच्या त्याच अध्यायात कफज कृमींच्या कारणांत दूध, गूळ, तीळ इत्यादि पदार्थांची गणना केलेली आहे. तेथून ही समजूत वैद्यांच्या ओसरीवर आली आणि ओसरीवरून स्वयंपाकघरात गेली. परंतु आचार्यांचा मान राखूनही आम्हांस सांगितले पाहिजे की गुळापासून जंत उत्पन्न होत नाही. जंताच्या अंड्याची लांबी मिलिमीटरच्या सतराव्या-अठराव्या हिश्शाएवढी. ते उघड्या डोळ्यांस दिसणे शक्यच नाही. जे डोळ्यांस दिसत नव्हते ते आचार्य कोठून लिहिणार? ज्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक यंत्र होते त्या युरोपातील पंडितांसही ते सुचण्यास फार काळ लागला. कृमिशास्त्राचा एक आद्य प्रवर्तक मानला जाणारा रुडॉल्फी हा १८३२ मध्ये वारला, तोपर्यंत पोटातील जंत शरीरातच आपोआप उत्पन्न होतात असे त्याचे मत होते. तेव्हा ह्या बाबतीत आपल्या पूर्वजांस हसण्याचे कारण नाही. मात्र जे आज निश्चित कळले आहे ते नाकारण्याचेही कारण नाही. दातांसाठी गूळ बेताने द्यावा हे योग्यच. पण गूळ बंद केला आणि मुलाची नखे तशीच राहिली, तर जंतही तसेच राहतील. गुळाची समजूत अपायकारक आहे ती ह्याचसाठी. ती खरे कारण झाकून टाकते, आणि पोर उगाच बोलणी खाते.

परंतु ज्या ग्रंथाने कारण चुकविले त्याच ग्रंथाने उपायाची जी चौकट आखून दिली आहे तीपेक्षा चांगली चौकट आम्हांस अद्याप आढळलेली नाही. चरक कृमींच्या चिकित्सेचे तीन भाग करतो: अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. अपकर्षण म्हणजे असलेले कृमी ओढून बाहेर काढणे. प्रकृतिविघात म्हणजे ज्या स्थितीत ते पोसतात ती स्थिती मोडणे. निदानपरिवर्जन म्हणजे ज्या कारणाने ते होतात ते कारणच टाळणे. ह्यांपैकी शाळेची गोळी हे पहिले अंग झाले. वाडवडिलांच्या काळी ह्याच कामासाठी किरमाणी ओव्याच्या जातीच्या वनस्पतीपासून काढलेले सँटोनीन देत आणि वर एरंडेल पाजीत. त्या औषधाने दृष्टी पिवळी होई आणि मात्रा चुकली तर जिवावरही बेते. त्या मानाने आजची आल्बेंडाझोलची गोळी फारच निरुपद्रवी आहे. ती जंताची साखर शोषण्याची शक्ती बंद पाडते. जंत उपाशी मरतो आणि शौचावाटे निघून जातो. वावडिंगास कृमिघ्न म्हणून ग्रंथांत मोठा मान आहे, आणि बाळाच्या दुधात ते उकळण्याची आपल्याकडील चालही जुनी आहे. ती सासूबाईंनी खुशाल पाळावी. मात्र वावडिंग दिले म्हणून गोळी नको, असा हिशेब मांडू नये.

राष्ट्रीय जंतनाशक दिन ही योजना १० फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षी जी राज्ये निवडली त्यांत महाराष्ट्र होता. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट हे दिवस राष्ट्रीय पातळीवर ठरलेले. राज्यांत तारीख पुढेमागे होते. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींस अंगणवाडीत व शाळेत ही गोळी फुकट मिळते. एक ते दोन वर्षांच्या बालकास २०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी चुरून पाण्यातून. त्यापुढील सर्वांस ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी. ती चावून खावयाची, गिळावयाची नाही. त्या दिवशी मूल तापाने वा अन्य आजाराने पडलेले असेल तर गोळी देऊ नये. बरे झाल्यावर पुढे ठेवलेल्या दिवशी द्यावी. ज्यांच्या पोटात जंत पुष्कळ असतात त्यांस थोडी मळमळ वा पोटदुखी होते व ती लवकरच शमते. मुलाचे पोट फुगले आहे, सारखी ओकारी होते आहे, शौच बंद आहे, अशी लक्षणे दिसली तर मात्र घरी कोणतेही जंताचे औषध न देता तत्काळ दवाखाना गाठावा. जंतांचा गोळा होऊन आतडे बंद पडण्याचा प्रकार मुलांत घडतो. झोपेत दात खाणे हे जंतांचे लक्षण म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यावर भरवसा ठेवू नये.

मग गोळी दिली म्हणजे काम संपले काय? नाही. जगभर ठिकठिकाणी झालेल्या पाहण्यांची बेरीज २०१२ मध्ये विद्वानांनी मांडली. औषध दिल्यानंतर सहा महिन्यांत ह्या जंतांचे प्रमाण मूळच्या सरासरी ६८ टक्क्यांवर, आणि वर्षभरात ९४ टक्क्यांवर परत आलेले आढळले. म्हणजे वर्षाने पाहावे तो जवळजवळ पहिल्यासारखीच स्थिती. ह्याचे कारण उघड आहे. गोळीने पोट साफ होते, अंगण साफ होत नाही. अपकर्षण झाले, निदानपरिवर्जन राहिले. सूनबाईंनी गोळीचा आग्रह धरला हे योग्य केले. परंतु गोळीवर विसंबून स्वस्थ बसतील तर त्यांचाही पक्ष अर्धाच खरा ठरेल.

निदान म्हणजे माती, आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्याची माती बहुतांशी काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी आहे. वैशाखातील उघड्या रानात ही अंडी टिकत नाहीत. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांस मारतो. परंतु परसातील केळीखालची जागा, न्हाणीचे पाणी जिरते तो कोपरा, विहिरीचा काठ, नळाखालचा चिखल ह्या जागा उन्हाळ्यातही ओल्या व सावलीत असतात. मृग बरसला की सगळेच अंगण तसे होते, आणि मुले खेळतात तीही तेथेच. घाटावरच्या तालुक्यांत असो की घाटाखाली, हे सर्वत्र सारखेच. खाली पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे: तेथील खाऱ्या पाण्यात साबणास फेस येत नाही, म्हणून हात धुणे ओझरते होते. ज्यांच्या घरी असे पाणी असेल त्यांनी हात धुण्यापुरते तरी गोडे पाणी बाजूस ठेवावे, आणि बोटांच्या बेचक्या व नखांची टोके चोळण्याकडे लक्ष द्यावे. कारण ही अंडी चिकट असतात आणि नुसत्या पाण्याच्या धारेने निघत नाहीत.

येथे सोवळ्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आपल्या घरांत शुद्धतेची जी शिस्त होती तिच्यात हातपाय धुऊन घरात येणे, पारोशाने स्वयंपाकास न शिवणे, जेवणापूर्वी हात धुणे हे जे होते ते सोने होते. परंतु सोवळ्याने कोण शिवला हे पाहिले, नखांत काय आहे हे पाहिले नाही. आजी सोवळ्यात नैवेद्य करते, आणि परसात मातीत खेळून आलेला नातू त्याच मातीच्या बोटांनी मधल्या घरात चिवडा खातो. जंताचे काम तेवढ्याने होते. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर ह्यांस देवापुढे ठेवण्यापूर्वी पाणी शिंपडले म्हणून ती धुतली गेली असे होत नाही. कच्च्या कोशिंबिरीची भाजी तीन-चार पाण्यांतून चोळून धुवावी. शिजविलेल्या अन्नात ही अंडी जगत नाहीत. आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व मुलांची नखे कापण्याचा नेम आजोबांनी आपल्याकडे घ्यावा. एकत्र कुटुंबात हे काम ज्याचे त्याच्यावर सोडले की कोणाचेच राहत नाही.

आणि लाज कसली? १४८५ मध्ये रणांगणावर पडलेल्या इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा २०१२ मध्ये सापडला. त्याच्या कमरेच्या हाडांजवळच्या मातीत ह्याच जंताची अंडी निघाली. राजाच्या पोटास जे चुकले नाही ते आपल्या नातवास झाले म्हणून कुळास बट्टा लागत नाही. शिवाय असे आढळून आले आहे की कोणत्याही गावातील बहुतेक जंत थोड्याच मुलांच्या पोटांत एकवटलेले असतात, आणि ती मुले कोणती हे वरून ओळखू येत नाही. म्हणूनच गोळी निवडून न देता सर्वांस देतात. ती घेणे म्हणजे आपल्या घरात जंत असल्याची कबुली नव्हे.

ज्यांच्या दारी गुरे आहेत त्यांच्यासाठीही थोडे लिहितो. बहुतेक प्रत्येक जंताचा पोशिंदा ठरलेला असतो. कोंबडीचा जंत निराळा, कुत्र्याचा निराळा, म्हशीचा निराळा. डुकराचा जंत मात्र आपल्या जंताचा इतका जवळचा नातलग आहे की तो माणसासही बाधतो. म्हणून परसात मोकाट डुकरे फिरू देऊ नयेत. कुत्र्याच्या पिल्लास तर आईच्या गर्भातच जंत होतो. त्याची अंडी मुलाच्या पोटात गेली तर अळी बाहेर येते, पण हे आपले घर नव्हे म्हणून आतड्यात न राहता यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यातही भटकते व इजा करते. पिल्लू पाळावयाचे तर दुसऱ्या आठवड्यापासून त्यास जंताचे औषध पशुवैद्याकडून द्यावे. म्हशीच्या पारडास आईच्या दुधातून जंताच्या अळ्या मिळतात. महिन्याच्या आतच पारडू खंगते, हगवणीने मरते आणि घरधनी दैवास दोष देतो. ह्यावर उपाय म्हणून चीक तोडू नये. चिकावाचून पारडू जगणार नाही. जन्मानंतर दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध पाजले म्हणजे पारडू वाचते.

एवढे करूनही एक गोष्ट उरते, ती एकट्या घराच्या हातची नाही. आपल्या मुलाने जे अंडे गिळले ते आपल्याच घरचे असते असे नाही. गावाच्या कडेला उघड्यावर कोणी बसले असेल, तेथून ते पावसाच्या पाण्याने आले असेल, कोणाच्या चपलेने आले असेल. जपानात १९४९ च्या सुमारास निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटांत हा जंत होता. शाळाशाळांतून मुलांची तपासणी करून औषध दिले, मैला कच्चा शेतात घालणे थांबविले, घरोघर शौचकूप झाले; तीस वर्षांच्या आत तेथे जंत शोधावा लागू लागला. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन जे सांगितले तेही हेच होते, आणि २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू झाले तेही ह्याचसाठी. शौचकूप बांधून त्यात सरपण आणि कडबा ठेवणारी घरे आम्ही आजही पाहतो. अशा घरातील वडीलधाऱ्यांस समजावणे हे गोळीइतकेच महत्त्वाचे औषध आहे.

तेव्हा पंच म्हणून आमचा निवाडा असा. नातवास गोळी द्यावी आणि गूळही थोडा द्यावा. घरातील इतर मुलांसही त्याच दिवशी गोळी मिळेल असे पाहावे. नखे, भाजी आणि परसातील ओल ह्यांची व्यवस्था सासूबाईंनी आपल्या हाती घ्यावी, कारण घरात त्यांचा शब्द चालतो. आणि शेजारणींस हे सारे समजावून सांगण्याचे काम सूनबाईंनी करावे. पुढील गोळीच्या वेळेपर्यंत सहा महिने आहेत. तेवढ्यात अंगणातील एक ओला कोपरा जरी कोरडा झाला तरी ती गोळी अधिक काळ टिकेल.